गाडीतली बीप-बीप आपण ऐकत का नाही? धोक्याची सूचना तयार करण्यामागचं शास्त्र

काही वर्षांपूर्वी ऑनलाइन बाजारात एक छोटीशी वस्तू जोरात विकली जात होती. सीटबेल्टच्या टोकाला असते तशीच धातूची पट्टी, फक्त तिला बेल्ट नाही. ही क्लिप बक्कलमध्ये अडकवली की गाडीला वाटतं बेल्ट लावला आणि बीप-बीप बंद होते.

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाच कंपन्यांना ही विक्री थांबवण्याचे आदेश दिले. त्यानंतर या साइट्सवरून मिळून १३,११८ लिस्टिंग काढून टाकण्यात आल्या.

म्हणजे बघा, जीव वाचवण्यासाठी गाडीत एक आवाज बसवला आणि तो आवाज बंद करण्यासाठी लोक खिशातले पैसे घालवत होते. दुसरीकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशात मृत्यू झाला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

यात चूक फक्त चालकाची आणि प्रवाशाची, असं म्हणून विषय संपवता येतो. पण गाड्यांमधल्या सूचनांवर संशोधन करणारे अभ्यासक गेली कित्येक वर्षं आणखी एक प्रश्न विचारत आहेत. माणूस सूचना ऐकत नसेल, तर सूचना देण्याची पद्धतच चुकतेय का?

एका सेकंदात गाडी किती पुढे जाते?

आधी साधा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. म्हणजे साधारण दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढं अंतर. ताशी १०० ला हाच आकडा जवळपास २८ मीटर होतो.

आता समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. चालकाला ते दिसणं, काय झालंय हे कळणं, काय करायचं हे ठरणं आणि पाय ब्रेकवर जाणं या सगळ्याला वेळ लागतो. रस्त्यांची आखणी करताना भारतीय इंजिनिअर या वेळेसाठी २.५ सेकंद धरतात. ताशी १०० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी ६९ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

चालकाची नजर त्या क्षणी मोबाइलवर असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने शंभर गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून लोक रोज कशी गाडी चालवतात हे टिपलं होतं. २००६ मध्ये आलेल्या त्या अहवालात दिसलं की सुमारे ८० टक्के अपघातांमध्ये धडकेच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं लक्ष दुसरीकडे होतं.

गाडीतल्या सूचनेचं खरं काम इथे येतं. ती ब्रेक जास्त जोरात लावू शकत नाही, चालकाला हुशार करू शकत नाही. ती फक्त ‘दिसणं आणि कळणं’ या पहिल्या टप्प्यातले काही क्षण वाचवते. पण तेवढ्यात दोन बसइतकं अंतर हातात राहू शकतं.

दिवा लावायचा, आवाज करायचा की सीट हलवायची?

चालकापर्यंत पोहोचायचे तीन रस्ते आहेत: डोळे, कान आणि त्वचा.

डोळ्यांसाठी डॅशबोर्डवरचे दिवे असतात. त्यांच्या रंगांचा संकेत जगभर जवळपास सारखा आहे. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे सुरू आहे, ठीक आहे. पेट्रोल कमी आहे, इंजिनची तपासणी करा, अशा सावकाश कळल्या तरी चालणाऱ्या गोष्टींसाठी दिवा उत्तम. अडचण एकच. दिवा दिसण्यासाठी नजर तिथे असावी लागते, आणि संकटाच्या वेळी नजर डॅशबोर्डवर नसून रस्त्यावर असायला हवी.

आवाजाला ही अडचण नाही. तुम्ही कुठेही बघत असा, कान उघडेच असतात. शिवाय आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो. पण गाडीत गाणी सुरू असतात, मागे मुलांचा गोंधळ असतो, बाहेर हॉर्नचा कल्लोळ असतो. त्यात भर म्हणजे हा आवाज गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जातो. ‘काय झालं रे?’ असं मागच्या सीटवरून दोनदा विचारलं गेलं की चालक ती यंत्रणा बंद करण्याचं बटण शोधायला लागतो.

तिसरा रस्ता त्वचेचा. हायवेवर टोलनाक्याच्या किंवा वळणाच्या आधी रस्त्यावर उंचवट्यांच्या पट्ट्या असतात. त्यावरून गाडी गेली की हाताला, पाठीला थरथर जाणवते आणि डुलकी लागलेला माणूसही जागा होतो. जनरल मोटर्सने हीच कल्पना गाडीच्या आत आणली. २०१३ च्या कॅडिलॅक एक्सटीएस मॉडेलमध्ये चालकाची सीटच थरथरायची. गाडी डावीकडे लेन सोडत असेल तर सीटची डावी बाजू, उजवीकडे जात असेल तर उजवी, आणि समोर धोका असेल तर दोन्ही.

याचा फायदा असा की सूचना फक्त चालकाला मिळते आणि धोका कोणत्या बाजूला आहे हेही शब्दांशिवाय कळतं. इतरांना पत्ताही लागत नाही.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज?

नाही. हा धडा कारच्या आधी विमानांनी शिकवला.

१९८२ मध्ये ब्रिटनमधले संशोधक रॉय पॅटरसन यांनी प्रवासी विमानांच्या कॉकपिटमधल्या धोक्याच्या आवाजांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. त्या काळातले बरेच अलार्म इतके कर्कश होते की ते वाजले की वैमानिकाची पहिली धडपड तो आवाज बंद करण्याची असायची. खरं संकट दुसऱ्या क्रमांकावर जायचं. पॅटरसन यांनी सुचवलं की आवाज आजूबाजूच्या गोंगाटात स्पष्ट ऐकू येईल इतकाच असावा. गोंगाटात जेवढा आवाज जेमतेम ऐकू येतो, त्याच्यापेक्षा साधारण १५ ते २५ डेसिबल वर. आणि तो एकदम दचकवणारा नसावा.

त्यानंतरच्या संशोधनातून आवाजातली ‘घाई’ कुठून येते हेही समोर आलं. बीपमधलं अंतर कमी केलं, पट्टी चढवली की तोच आवाज जास्त तातडीचा वाटतो. रिव्हर्स पार्किंगचा सेन्सर रोज हेच करतो. भिंत लांब असताना टीप... टीप... आणि जवळ आली की टीपटीपटीप. याचा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही.

मग बीपऐवजी ओळखीचा आवाज वापरला तर? १९९९ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम यांनी गाडीच्या हॉर्नचा आणि टायर घासल्याचा आवाज सूचना म्हणून वापरून पाहिला. चालकांनी साध्या टोनपेक्षा लवकर प्रतिसाद दिला. पण गरज नसतानाही ब्रेक मारण्याचं प्रमाण वाढलं. हॉर्न ऐकला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, धोका आहे की नाही हे बघायला थांबत नाही. मागून कंटेनर येत असताना विनाकारण ब्रेक मारणं हाच नवा धोका ठरू शकतो.

२०११ मध्ये रॉब ग्रे यांनी यावर एक मधला मार्ग तपासला. एखादी वस्तू आपल्याकडे येत असल्यासारखा वाढत जाणारा आवाज. समोरची गाडी जितक्या वेगाने जवळ येतेय, तितक्या वेगाने आवाज चढत जातो. एकाच पातळीवरच्या आवाजापेक्षा या आवाजाने चालकांनी लवकर ब्रेक लावला, आणि हॉर्नच्या तुलनेत उगाच ब्रेक मारणं कमी झालं. फक्त ‘धोका आहे’ एवढंच न सांगता ‘काहीतरी जवळ येतंय’ हेही तो आवाज सांगत होता.

सूचना कधी द्यायची?

समजा तुमची गाडी ताशी ७२ ने चालली आहे आणि समोरचा ट्रक ताशी ३६ ने. दोघांत ३० मीटर अंतर आहे. तुम्ही सेकंदाला २० मीटर जाताय, ट्रक १० मीटर. म्हणजे दर सेकंदाला अंतर १० मीटरने घटतंय आणि कुणीच काही केलं नाही तर तीन सेकंदांत धडक. गाडीतला कॉम्प्युटर रडार किंवा कॅमेऱ्याच्या मदतीने हा हिशोब सतत करत असतो. प्रश्न असा की तोंड कधी उघडायचं?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सिम्युलेटरवर झालेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्ष विचलित झालेल्या चालकांना लवकर सूचना दिली तेव्हा टकरी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या. उशिरा दिली तेव्हा निम्म्याने घटल्या. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हा फायदा मुख्यतः चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय लवकर उचलल्यामुळे झाला.

मग लवकरच वाजवा ना! पण जितकं लवकर वाजवाल, तितक्या वेळा ते फुकट वाजेल. कारण तीन-चार सेकंद आधी दिसणारे बहुतेक धोके आपोआप टळतात. समोरचा ट्रक बाजूला होतो, किंवा चालकाने तो आधीच पाहिलेला असतो.

लांडगा आला रे आला

ही गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. गुराखी पोरगा दोनदा खोटं ओरडतो आणि तिसऱ्यांदा खरा लांडगा येतो तेव्हा कुणी धावत नाही. गाडीतल्या सूचनांबाबत नेमकं हेच होतं. फक्त इथे गाडी मुद्दाम खोटं बोलत नसते.

एक काल्पनिक हिशोब करून बघा. एका माणसावर वर्षात दोनदा खरोखर टक्कर होण्याची वेळ येते आणि यंत्रणा दोन्ही वेळा बरोबर ओरडते. पण रोज दोनदा ती उगाचही ओरडते. वर्षाचे ३०० दिवस गाडी चालवली तर ६०० खोट्या सूचना झाल्या. म्हणजे ६०२ वेळा आवाज आला आणि त्यातल्या फक्त दोन वेळा अर्थ होता. यंत्रणेने एकही धोका सोडला नाही, तरीही चालकाने तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकणं अगदी स्वाभाविक आहे.

सीटबेल्टचंही तसंच. बाजूच्या सीटवर भाजीची पिशवी किंवा लॅपटॉपची बॅग ठेवली की वजनामुळे सेन्सरला माणूस बसल्यासारखं वाटतं आणि बीप सुरू होते. पिशवीला बेल्ट लावा असं गाडी सांगते तेव्हा माणूस वैतागतो. मग क्लिप येते, आणि तीच क्लिप खरा माणूस बसल्यावरही तिथेच राहते.

हा विश्वासाचा मामला आहे हे आकड्यांतही दिसतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने सर्व्हिसिंगला आलेल्या सुमारे हजार गाड्या तपासल्या. पुढच्या गाडीला धडकण्यापासून वाचवणारी यंत्रणा ९३ टक्के गाड्यांमध्ये सुरू होती. लेन सोडल्यावर टोकणारी किंवा स्टिअरिंग सावरणारी यंत्रणा मात्र फक्त ५१ टक्के गाड्यांमध्ये. धडकेचा इशारा लोक ठेवतात, लेनची सतत टोकणी बंद करतात.

आपल्या रस्त्यांवर हे का अवघड आहे?

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये सीटबेल्ट रिमाइंडर, रिव्हर्स पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. वेग ताशी ८० च्या वर गेला की ठरावीक वेळाने बीप आणि १२० च्या वर गेला की सलग बीप.

हेतू चांगलाच आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. पण या बीपचा आकडा ठरलेला आहे, रस्ता बदलला तरी तो बदलत नाही. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची परवानगी आहे. तिथे नियमात राहून ११० ने जाणाऱ्याला बीप ऐकावी लागते. तीच गाडी शाळेसमोरच्या गल्लीतून ६० ने गेली तर गप्प बसते. जिथे धोका जास्त तिथे शांतता आणि जिथे परवानगी तिथे आवाज. असं रोज घडलं तर चालक त्या बीपचा काय अर्थ लावणार?

युरोपने यावर वेगळा मार्ग निवडला. जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये त्या रस्त्याची वेगमर्यादा ओळखून सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालक ती बंद करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती पुन्हा चालू होते. मात्र कॅमेऱ्याने पाटी चुकीची वाचली की तिथेही लांडग्याचीच गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लेनचे पट्टे कुठे पुसट तर कुठे नाहीतच. रिक्षा, दुचाकी, पादचारी आणि गुरं एकाच रस्त्यावर. मोकळ्या हायवेवर धोक्याचं वाटेल इतकं कमी अंतर हे पुण्यातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीचं असतं. परदेशी रस्त्यांच्या हिशोबाने बसवलेली यंत्रणा इथे दिवसभर ओरडत राहते आणि शेवटी मालक ती मेन्यूत जाऊन बंद करतो.

नागपूरने काय केलं?

सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, आयआयटी नव्हे तर आयआयआयटी हैदराबाद, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका असे अनेक जण त्यात होते. शहर बसमध्ये कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रणा बसवली गेली. समोर धडकेची शक्यता दिसली की ती चालकाला सावध करते.

पण तेवढ्यावर काम थांबलं नाही. कोणत्या जागी किती वेळा सूचना वाजली याची नोंदही होत गेली. एखाद्या चौकात अनेक बसचालकांना वारंवार सूचना मिळत असेल, तर दोष चालकांचा नसून त्या जागेचा असू शकतो. अपघात होऊन लोक गेले की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. इथे अपघात होण्याआधीच धोकादायक वाटणाऱ्या जागा, म्हणजे ‘ग्रे स्पॉट’, शोधून दुरुस्त करण्याचा प्रयत्न होता. चालकाला कटकट वाटणारी बीप रस्त्याच्या इंजिनिअरसाठी तक्रार अर्ज ठरली.

मग चांगली सूचना कशी असते?

इतक्या वर्षांच्या संशोधनातून काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत.

सूचना टप्प्याटप्प्याने यावी. धोका लांब असताना शांत दिवा, जवळ आल्यावर आवाज किंवा थरथर. प्रत्येक गोष्टीला सारखाच आवाज नको. दार नीट लागलं नाही आणि समोर ट्रक थांबला, या दोन्हींसाठी एकच बीप असेल तर चालक आधी विचार करत बसतो. दोन धोके एकदम आले तर मोठा आधी सांगावा. आणि शक्य असेल तर कोणत्या बाजूला बघायचं हेही कळावं.

शेवटचा टप्पा म्हणजे चालकाने काहीच केलं नाही तर गाडीने स्वतः ब्रेक लावणं. आयआयएचएसच्या अभ्यासानुसार फक्त सूचना देणाऱ्या यंत्रणेमुळे मागून धडकण्याचे अपघात २७ टक्क्यांनी कमी झाले. सूचनेच्या जोडीला आपोआप ब्रेक असेल तर ५० टक्क्यांनी. सूचनेला मर्यादा आहेत, हेच यातून दिसतं.

झोपेच्या बाबतीत ही मर्यादा सगळ्यात मोठी आहे. मर्सिडीजने २००९ मध्ये चालक पेंगतोय हे स्टिअरिंगच्या हालचालींवरून ओळखणारी यंत्रणा आणली. ती आवाज करून समोर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवते. समृद्धीसारख्या सरळसोट, एकसुरी रस्त्यावर ही सूचना मोलाची आहे. पण आवाज माणसाला क्षणभर जागा करू शकतो, त्याची झोप भरून काढू शकत नाही. तो कप दिसला की त्याचा अर्थ गाडी बाजूला सुरक्षित जागी थांबवा, एवढाच.

तुमच्या हातात काय आहे?

नवी गाडी घेताना बहुतेक लोक सनरूफ उघडून बघतात, स्क्रीन किती इंचांची हे विचारतात. त्याच वेळी धडकेची, लेनची आणि झोपेची सूचना कशी वाजते हेही दाखवायला सांगा. कोणता आवाज कशाचा हे पहिल्यांदा हायवेवर कळण्यापेक्षा शोरूममध्ये कळलेलं बरं.

यंत्रणा फार ओरडत असेल तर ती पूर्ण बंद करण्याआधी सेटिंगमध्ये जा. अनेक गाड्यांमध्ये सूचना लवकर, मध्यम की उशिरा हवी हे निवडता येतं. लेनच्या बीपऐवजी स्टिअरिंगची थरथर निवडण्याची सोयही काहींमध्ये असते. शहरात वैताग देणारी सूचना बंद केलीच, तर हायवेला लागण्याआधी ती पुन्हा सुरू करायला विसरू नका.

आणि भाजीच्या पिशवीमुळे बीप होत असेल तर पिशवी खाली ठेवा किंवा डिकीत टाका. क्लिप लावू नका. ती लावल्यावर अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळण्यात अडचण येऊ शकते, असा इशारा ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही दिला आहे. तुमच्या गाडीत अशी क्लिप आधीच असेल तर ती आजच काढून टाका, आणि मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला सांगा. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये मागच्या सीटसाठी बीपच नाही. तिथे ते काम चालकालाच करावं लागतं.